तीनपैकी दोन

विजापूर वेशीच्या अलीकडे, दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात
पंखा फक्त गिऱ्हाईक आलं की लागतो.
मंद्रूपचे गुरुबाळप्पा बिराजदार आले, तसा लागला.
एका विटक्या चादरीत तीन रायफली.
म्हणाले, "आता परवान्यावर दोनच ठेवायच्या म्हणं.
तिसरी कोणती, ते तुमीच सांगा."
शिकार तर कधीच बंद झालेली.
नान्नजच्या माळावरची काळवीटं आता
यांच्याकडे बघून पळतसुद्धा नाहीत.

मी रजिस्टर उघडून बसलो. येमूलांचा पोरगा मी,
घरात चार माग. बोल्टचा आवाज मला
धोट्याच्या आवाजातूनच कळतो:
उचल, मागं, पुढं, दाब.

पहिली माऊझर.
शिकलगारांनी डमी काडतूस भरलं, बोल्ट सावकाश ढकलला.
"बघ, हा लांब नखा. मॅगझिनमधून निघतानाच
काडतुसाचा काठ धरतो, नळीत बसेस्तोवर सोडत नाही.
रायफल उलटी धर, तिरकी धर, पडणार नाही."
बोल्ट उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते,
म्हणून उचलणं जड. पुढं दोन जाड कान,
थेट नळीच्या तोंडाशी कुलूप.
अक्रोडाचा सरळ दस्ता, कुठं नखरा नाही,
मुठीवरची चौकटनक्षी पुसून
हाताच्या मापाची झालेली.

दुसरी मॅनलिकर.
हिचा बोल्ट ढकलावा लागत नाही,
रायफल पुढं कलती केली की आपला आपण जातो,
तेल घातलेल्या ड्रॉवरसारखा.
मूठ चपटी, लोण्याच्या सुरीसारखी.
आणि लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत.
"देखणी," मी म्हणालो.
"देखणीच," शिकलगार म्हणाले, "पण एवढं लाकूड
नळीला कुठंतरी टेकतंच. कोकणात न्या,
दर महिन्याला नेम सरकेल.
सोलापूरची हवा हिला मानवली,
इथं फुगायला पाणीच कुठंय?"

तिसरी तीनशे पंधरा, सरकारी कारखान्यातली.
कान मागच्या बाजूला, नखा आखूड,
काडतुसाचा हात धरत नाही, नुसतं ढकलते,
शेवटच्या क्षणी झडप घालते.
स्प्रिंग मिटताना ताणते, उघडताना नाही,
म्हणून हिची चाल भरभर,
कुणालाही दोन दिवसांत जमेल अशी.
लाकूड कसलं ते सांगता येत नाही. पॉलिश माझंच,
गेल्या दिवाळीआधीचं, जरा घाईतलं.
आणि दस्ता तोकडा. दीड इंचानं तोकडा.

"हीच द्या की मग," मी बोलून गेलो.
शिकलगारांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
बिराजदारांनी तिसरी उचलून खांद्याला लावली.
त्यांच्या लांब हाताला ती बसेना,
कोपर बाहेर आलं, गाल पुढं सरकला,
नाक अंगठ्याला टेकलं.
तसेच उभे राहिले, पंख्याखाली,
बराच वेळ.

"नीलव्वा ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसायची," ते म्हणाले.
"डुक्कर एक मारलं नाही तिनं. नुसते आभाळात बार.
तुमीच कापून दिलता दस्ता."
"एकोणनव्वद साली," शिकलगार म्हणाले.

मग माऊझर माझ्यापुढं सरकवली.
"ही लिहून घे. जमा."
"सगळ्यात चांगली तीच आहे, मालक."
"म्हणूनच. कोठारात पडून राहिली
तरी तिचं काई बिघडत नाही."

मी नंबर लिहिला. एक आकडा चुकला, खोडला, परत लिहिला.
पान उडू नये म्हणून त्यावर
नेहमीचा लाकडी तुकडा ठेवला:
दीड इंच जाड, पानाच्या आकाराचा,
दोन स्क्रूंची भोकं असलेला.
सहा वर्षं मी तो रोज उचलतो आणि ठेवतो,
कधी विचारलं नव्हतं कशाचा.

बिराजदार त्याच्याकडे बघत होते.
शिकलगारांनी तो माझ्या हाताखालून काढला,
सदऱ्याला पुसला, त्यांना दिला.
पंख्यानं लगेच
रजिस्टरची सगळी पानं उलटली.